फ्राउक्येने निवडलेला दिवा

आठवड्यात तिसऱ्यांदा सायकलचा दिवा परत घेऊन फ्राउक्ये माझ्या दुकानात आली, तेव्हा माझं डोकंच फिरलं.

"हाही मिणमिणता! तुझ्याकडे धड काही मिळतं की नाही?"

आम्ही शाळेपासूनचे सोबती, म्हणून ऐकून घेतलं. एकोणसाठ वर्षांची बाई, तीस वर्षं कालव्याकाठच्या वाटेने शेजारच्या गावी वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात जाते. इकडे उत्तरेत डिसेंबरात सकाळी आठलाही काळोख, आणि त्या वाटेवर दिव्याचा एक खांब नाही. सोमवारी ती थेट कुंपणात घुसली होती. पहिली बस पाळी सुरू झाल्यावर येते आणि मोटार तिला चालवता येत नाही. सायकल सुटली की काम सुटलंच.

"चल, मीच येतो बघायला," मी वैतागून म्हणालो.

संध्याकाळी पाचला निघालो. अंगठ्याएवढा दिवा, पूर्ण चार्ज करून तिच्या हँडलला लावलेला. मला पार पुलापर्यंत दिसत होतं.

"समोर काय आहे?"

"काय असणार? अंधार!"

वीस पावलांवर पांढरंशुभ्र फाटक होतं.

"थांब. फ्राउक्ये, दिवा ठणठणीत आहे गं. डोळे दाखव."

"दाखवलेत!" ती खेकसली. "मोतीबिंदू. ऑपरेशन मार्चमध्ये. तोवर घरी बसू? एकदा बसले ना, की पुन्हा उठायची नाही मी."

तिला मनातल्या मनात किरकिरी म्हटल्याची मला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती वुबोला दंडाला धरूनच घेऊन आली. वुबो तिच्याच वृद्धाश्रमात भांडी धुतो, राहतो आमच्या गल्लीत. पन्नाशीचा बाप्या, पण सायकलला मागचा दिवा कधी लावलेला नाही. तिने माझे सगळे लाल दिवे बाहेर काढायला लावले. एकेक हातात देऊन त्याला अंधाऱ्या गल्लीत पिटाळलं. लुकलुकणारा मी आधीच बाजूला केला, इकडच्या कायद्यात बसत नाही.

"हा! हा दिसतोय. बसव याच्या सायकलला."

"माझ्या? कशाला?" वुबो चक्रावला.

"मार्चपर्यंत तुझ्या मागे येणार मी. चार्ज मीच करीन, तुझा काय भरवसा! आणि सव्वासहाला तयार राहा."

"एवढ्या पहाटे? अगं, मी..."

"सव्वासहा."

परवा पहाटे मुद्दाम दारात उभा राहिलो. आधी लाल ठिपका गेला, त्याच्या मागे ती, ताठ बसलेली. वळणावर वुबो जिवाच्या आकांताने ओरडला, "डावीकडे! डावीकडे!"

"दिसतंय मला," फ्राउक्ये कडाडली, "ओरडू नकोस, पॅडल मार!"