शिंगांचा लाल रंग

यजमान गेल्यापासून त्यांची मोटारसायकल नुसती उभी होती. शेवटी तिची चाकं पिपरी मेघेतल्या वर्कशॉपमध्ये नव्याने रंगवायला, पावडर कोटिंगला नेली. कारागिराने जरासं खरवडलं, तर नंतर मारलेल्या काळ्या रंगाखालून लाल निघाला. मी मनाने थेट आमच्या अल्लीपूरच्या अंगणात पोचले.

त्या वर्षी ट्रॅक्टर आला आणि बैल विकले. तरी पोळ्याच्या सकाळी हे सवयीने शिंगांना लावायचा लाल रंग घेऊन आले. रिकाम्या गोठ्यात थोडा वेळ उभे राहिले. मग मोटारसायकल स्टँडवर लावून तिचा एकेक स्पोक रंगवत बसले. अंगणभर रंगाचा उग्र वास, बोटं लाल, आणि चाक हळूहळू फिरत होतं.

"काऊन जी, यंदा बैलांच्या जागी गाडीच पोळ्याच्या तोरणाखाली उभी करता का?" मी हसत विचारलं.

मान वर न करता ते म्हणाले, "आणलेला रंग डब्यातच वाळून जाईन ना."

तेव्हा मला ते रंगाबद्दलच बोलतायत असं वाटलं होतं.

"जुना रंग पूरा काढा लागते, काकू. तवाच पावडर धरते," कारागीर म्हणाला. "काळाच मारू ना?"

"लाल मारा," मी म्हटलं. "आणि पोळ्याच्या आधी द्या."