शेतकरी कुटुंब: नाही

सीईटीचा निकाल मुलीने ओट्याजवळ उभं राहूनच पाहिला आणि फोन उपडा ठेवला. मी पोळ्या लाटत होते.

"साइट उघडत नाही का?"

"उघडली."

अठ्ठावन्न पर्सेंटाइल. बारावीला ब्याण्णव टक्के मिळवलेल्या मुलीला. मी हात धुतले, चष्मा लावला, अर्ज क्रमांक पुन्हा टाकला. मग लॅपटॉपवर टाकला. तवा धुरावला तेव्हा तिनेच गॅस बंद केला.

"आई, किती वेळा बघशील? फोटोपण माझाच आहे त्यावर."

आमची मुलगी बोर्डाची. समास सोडून लिहिणारी, आकृतीला पेन्सिलीने नावं देणारी, प्रश्न दोनदा वाचून मगच पेनाचं टोपण काढणारी. सीईटीत प्रश्न दोनदा वाचायला वेळ नसतो. हे मला सराव परीक्षांतच दिसायला हवं होतं, पण घरात सगळ्यांचा समज एकच होता की एवढी हुशार मुलगी, ऐन वेळी करेल. बारावीचे पेढे अख्ख्या सोसायटीने खाल्ले होते. शेजारच्या काकू लिफ्टमध्ये भेटल्या की विचारत, "मग, कृषी कॉलेज कुठलं?"

तिला कृषीलाच जायचं होतं, आणि सरकारी कॉलेजातच. ही आवड तिला मामाच्या मळ्यात लागली. मखमलाबादच्या बाजूला माझ्या भावाचा शेवंती, गुलाब आणि गिलक्यांचा मळा आहे. लहानपणापासून प्रत्येक सुट्टीत ती तिथे. पण प्रवेशाची यादी लागणार ती सीईटीवर. ब्याण्णव टक्के फक्त दारापर्यंत नेणार होते.

मी अशा वेळी रडत बसत नाही, कागद काढते. माहितीपुस्तिका छापून आणली आणि हिरव्या पेनाने खुणा करत वाचली. त्यात एक नियम सापडला. ज्यांच्या घरी शेती आहे, आईवडिलांच्या नावावर सातबारा आहे, त्यांना या प्रवेशात वरून जादा गुण. मी मोठ्याने ओरडलेच. नवऱ्याच्या घरी शेती नाही. सासर मनमाडचं, रेल्वेतलं, क्वार्टरच्या मागच्या अळूपलीकडे त्यांनी काही लावलं नाही. पण मी तर मळेकऱ्याची मुलगी. फुलांचे हारे बाजारात उतरवून शाळेत जाणारी.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी मदत केंद्रावर गेलो. टेबलामागच्या बाईंनी विचारलं, "शेती कोणाच्या नावावर?"

"माझ्या माहेरची. वडील गेले, आता भाऊ बघतो."

"मग वारस म्हणून तुमचं नाव लागलं असेल ना?"

"लागलंय. मीच लावून घेतलं."

हे मी अगदी खात्रीने सांगितलं. वडील गेल्यावर तलाठी कार्यालयाच्या चकरा मीच मारल्या होत्या. भावाला कागदांचा कंटाळा. आई, भाऊ आणि मी, तिघांची नावं लागलेली मी स्वतः वाचून पाहिली होती.

"झालं तर मग," बाई म्हणाल्या. "उतारा आणा आणि तहसीलचा दाखला. मुलीचं काम होईल."

बाहेर येऊन स्कूटरवर बसल्या बसल्या मी फोनवर उतारा काढला. आता सगळं फोनवर मिळतं. भावाचं नाव होतं. त्याखाली आईचं आणि माझंही होतं, पण कंसात, वर आडवी रेघ मारलेली.

मुलगी माझ्या खांद्यावरून बघत होती. "आई, हे खोडलंय का?"

मी स्कूटरची किल्ली लावायला गेले तर ती लागेना. घराची किल्ली होती ती.

मला आठवत नव्हतं असं नाही. नावं लागली त्याच्या पुढच्या हिवाळ्यात भाऊ आणि भावजय घरी आले होते. साडी, फळं, आईच्या हातचे लाडू. भाऊ म्हणाला होता, "ताई, पाइपलाइनचं करायचंय, प्रत्येक कागदाला तुला कितीदा बोलवू?" आमच्याकडे बहिणी सही करतातच. आत्यांनी वडिलांसाठी केली होती, मावश्यांनी मामांसाठी. जी करत नाही तिला पुढे दिवाळीला कोणी बोलावत नाही, हेही सगळ्यांना ठाऊक. हक्कसोडपत्र मी ओळ न् ओळ वाचलं होतं. एका ठिकाणी गट क्रमांक चुकला होता, तो मीच दुरुस्त करून घेतला. निबंधक कार्यालयातून निघून आम्ही सगळ्यांनी द्वारका चौकात मिसळ खाल्ली. फार छान दिवस गेला होता. आणि तरी त्या दिवशी मदत केंद्रावर 'लागलंय' म्हणेपर्यंत मी मनात मळेकरीणच होते. सही वेगळी आणि मी वेगळी, असं काहीतरी माझ्या डोक्यात इतकी वर्षं चाललेलं होतं.

तशाच आम्ही मळ्यात गेलो. भाऊ शेवंतीच्या वाफ्यात पाटाचं पाणी वळवत होता. सगळं ऐकून तो हसला.

"मळ्यात ये म्हटलं की तुझं डोकं दुखायचं. खुरपं धरलं नाय कधी. आता सातबारा पाहिजे?"

"मला नको. हिला पाहिजे. नाव परत लागतं का?"

"आज लावलं तरी कधी दिसंल? आणि मग काय, ॲडमिशन झालं की परत खोडायचं?"

खरं तर मी मनात तेच धरून आले होते.

"मामा, मला दत्तक घ्या," मुलगी म्हणाली. सगळे हसले. भाऊ जरा जास्तच हसला. मग फावडं बांधावर टेकवून म्हणाला, "ताई, मी फसवून घेतलं का तुझ्याकडून? सांग ना."

"नाही. मी वाचून सही केली."

"मग असं का बघतीस माझ्याकडं?"

चहा घेऊन आलेली भावजय पाठीमागे उभी होती. ती सहसा आमच्या बहीणभावांच्या बोलण्यात पडत नाही. ती म्हणाली, "अहो, त्या तुमच्याकडं नाय बघत. माझं नाव इथंबी नाय नि माहेरीबी नाय. पहाटेपासून फुलं मी तोडते. मला विचारलं तर मी काय लिहू?"

भावाने कप घेतला आणि पाणी बघायला निघून गेला. निघताना भावजयीने गिलक्यांची पिशवी स्कूटरला अडकवली, नेहमीसारखी.

घरी येऊन अर्ज भरला. 'शेतकरी कुटुंब आहे का?' या प्रश्नापुढे दोन गोल होते. माझा हात माउसवर थांबला. पायाशी मळ्यातली माती लागलेली पिशवी होती, चपलांनाही तीच माती होती. मुलीने माझ्या हातावरून हात नेऊन 'नाही'वर टिचकी मारली.

"खरं ते लिहायचं ना," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग असता तर मला सोपं गेलं असतं.

सरकारी कॉलेजच्या याद्या आल्या आणि गेल्या. एकीतही तिचं नाव नव्हतं. शेवटी दूरच्या एका खासगी कृषी महाविद्यालयात प्रवेश मिळाला. आम्ही बादली, गादी, कुलूप घेतलं आणि तिला सोडून आलो.

पहिल्या सत्रात तिथे प्रत्येकाला एक वाफा देतात. नांगरटीपासून काढणीपर्यंत त्याचं सगळं त्या विद्यार्थ्यानेच करायचं. एका दुपारी तिने फोटो पाठवला. मेथी नुकती उगवलेली, आणि पुढे काठीला ठोकलेली पत्र्याची पाटी. पाटीवर पीक, पेरणीची तारीख, आणि रंगाने लिहिलेलं तिचं पूर्ण नाव. समास सोडून.

मी तो फोटो मोठा करून पाहत राहिले. वाफा कॉलेजचा, सत्र संपलं की पाटी निघणार, हे कळत होतं. तरी जमिनीपुढे आमच्या घरातल्या बाईचं न खोडलेलं नाव दिसल्यावर मला त्या दिवशी स्कूटरला घराची किल्ली लावताना झालं होतं तसं झालं. हातातलं काय कशासाठी आहे तेच समजेना. तिला फक्त "पाणी कधी दिलंस?" एवढंच लिहिलं आणि फोटो भावाला पाठवून दिला.

त्याचं उत्तर संध्याकाळी आलं. "दोन ओळीत अंतर लय कमी ठेवलंय. सांग तिला." थोड्या वेळाने अजून एक आलं. "पाटी भावजयीला दाखवली तुझ्या. तिनं फोन घेतला, देईचना, आत्ता दिलाय."