नेई तेबिरियाचा गुन्हा

माझ्या आत्याला तुरुंगात जायचं होतं आणि साहेब काही तिला जाऊ देत नव्हता. मी दोघांच्या मध्ये उभा. गिल्बर्ट बेटांतल्या आमच्या बेटावर साहेबाची भाषा येणारा मी एकटाच होतो. मिशनच्या शाळेत शिकलेला, पांढरा सदरा मिरवणारा सरकारी दुभाष्या.

आत्याचं नाव नेई तेबिरिया. ती छपराची पानं विणायची. वाळलेली केतकीची पानं काठीवर दुमडायची आणि माडाच्या हिराने टाचत जायची. हात भरभर चालायचे, तोंड त्याहून भरभर. बेटावरची निम्मी घरं तिच्या पानांखाली कोरडी राहिली आणि त्या घरांतली सगळी माणसं तिच्या शिव्या खाऊन मोठी झाली.

त्या काळी साहेबाचा नियम होता : एका बेटावरून दुसऱ्या बेटावर होडी न्यायची तर सरकारी कागद हवा. दोन वर्षांपूर्वी एक होडी वाट चुकून बुडाली होती. त्या एका होडीचा धाक दाखवून सरकारने बेटावरच्या सगळ्या होड्या वाळूत पालथ्या घातल्या. आमच्याच भल्यासाठी, असं साहेब म्हणायचा. ज्या पाण्यावरून आमचे पूर्वज इथे आले, त्याच पाण्यावर जायला परक्याची सही! मला ते तेव्हा खटकलंसुद्धा नाही, याची लाज मला आजही वाटते.

आत्याची एकुलती एक मुलगी मेरे दक्षिणेच्या बेटावर दिलेली. तिचं पहिलं मूल जन्मताच गेलं होतं, जवळ आई नव्हती. आता ती पुन्हा भरल्या दिवसांची होती. आत्या कागद मागायला आली. साहेब म्हणाला, दोन महिन्यांनी सरकारी जहाज येईल, त्यातून जा.

"विचार त्याला," आत्या मला म्हणाली, "पोटातलं पोरही जहाजाची वाट बघत थांबणार आहे का? आणि त्याच्या आईने त्याला कागद काढून जन्माला घातलं होतं का?"

मी साहेबाला एवढंच म्हणालो, "ती विनंती करते आहे."

"मी एवढं बोलले आणि तुझं दोन शब्दांत आटपलं? गाळतोस काय रे मेल्या?"

तिसऱ्या दिवशी आमच्या घरची होडी जागेवर नव्हती. आत्या नव्हती, माझे बाबाही नव्हते. बाबा म्हणजे तेन कारोटू, तिचा धाकटा भाऊ. बरोबर शेजारचे दोघे गडी.

पंचवीस दिवसांनी ते परत आले. लपतछपत नाही. भर दुपारी, शीड ताणून, सरकारी झेंड्याच्या अगदी समोरून. "मुलगी झाली! दोघी ठणठणीत आहेत!" आत्या पाण्यातूनच ओरडत होती. वाळूला पाय लागायच्या आत शिपायांनी चौघांना धरलं.

कोर्ट भरलं ते मनेआबात, आमच्या गावच्या सभेच्या मोठ्या छपराखाली. तिथे प्रत्येक घराण्याची बसायची जागा ठरलेली असते. साहेबाने मात्र आपलं टेबल मन मानेल तिथे मांडलं. दोन्ही गडी पोरसवदा, त्यांना त्याने दम देऊन सोडलं. गुन्हेगार सुकाणू धरणारा, म्हणजे कारोटू. शिक्षा सहा महिने, बंधाऱ्यासाठी प्रवाळाचे दगड फोडायचे. म्हातारी नुसती बसून गेली, तिने घरी जावं.

हे शब्द मलाच माझ्या बापाला सांगायचे होते. गेल्याच वर्षी खोकताना बाबांच्या तोंडून रक्त आलं होतं. सहा महिने दगड फोडणं म्हणजे त्यांचं मरणच. पण बाबांनी नुसती मान खाली घातली. आजोबा बेटावरचे नामांकित वाटाडे, आणि त्यांची विद्या बाबांकडे आली असंच सगळा गाव समजत होता.

आत्या उठली. "सुकाणू माझ्या हातात होतं. दगड मी फोडीन."

साहेब हसला. "म्हातारी भावाला वाचवते आहे."

"त्याला सांग, वाचवतेच आहे. पण खोटं बोलून नाही. याला काय येतंय? याला अर्ध्या वाटेत ओकारी होते!"

लोक हसले. बाबांच्या ओठांच्या कोपऱ्यातही हसू आलं, आणि मला एकदम कळलं की ती खरं बोलते आहे. आजोबा दुपारी याच छपराखाली घराण्यातल्या मुलांना वाटा शिकवायचे आणि कोपऱ्यात पोरसवदा आत्या पानं टाचत बसायची. मुलं पेंगायची. ती पेंगत नसे.

साहेब म्हणाला, सिद्ध कर.

ती मनेआबाच्या मधोमध येऊन उभी राहिली आणि तिने हिराची काडी वर केली. आमच्याकडे हे छप्पर म्हणजेच आकाश. आढं म्हणजे माथ्यावरची रेघ, पूर्वेचा उतार म्हणजे उगवतीचं आकाश, वाशांमधला एकेक चौकोन म्हणजे ताऱ्यांचं एकेक घर.

"ताई, नको," बाबा पहिल्यांदाच बोलले. "घराण्याचं आहे ते. चारचौघांत सांगायचं नसतं."

"घराणं दगडाखाली घालू का तुझ्याबरोबर? गप बस." मग माझ्याकडे वळून, "इओतेबा, आज गाळायचं नाही. एक शब्दही."

ती बोलू लागली. कृत्तिका, म्हणजे आमची नेई आउती, कोणत्या वाशावर असताना निघायचं. ज्येष्ठा कोणत्या दांडीवर आली की सुकाणू किती वळवायचं. अर्ध्या वाटेवर वाहत्या पानांचा पट्टा लागतो तो कुठे. पांढरे पक्षी संध्याकाळी कुठे वळतात. कोणत्या ढगाच्या पोटाला हिरवी झाक आली की खाली उथळ पाणी असतं. साहेबाचा विश्वास बसेना. पुन्हा सांग म्हणाला, तिने पुन्हा सांगितलं. उलट्या क्रमाने सांग म्हणाला, तिने तसंही सांगितलं. त्याने होकायंत्र काढलं आणि मेरेचं बेट कुठे ते विचारलं. तिने बोट केलं. सुई बघून त्याने कपाळ पुसलं.

दुपार सरत आली. त्या दिवशी कोणी मासे धरायला गेलं नाही, कोणी माडी उतरवायला चढलं नाही. सगळं बेट तिथे बसून ऐकत होतं. तिसऱ्या वेळी तर मागच्या रांगा तिच्याबरोबर पुटपुटायला लागल्या. साहेबाला ती प्रार्थना वाटली असावी.

शेवटी त्याने बाबांना सोडलं आणि आत्याला सहा महिने ठोठावले. बायकांना दगड नव्हते, त्यांना सरकारी बंगल्याच्या छपराची पानं विणायची होती. "जन्मभर तेच केलं मी," आत्या म्हणाली, "त्याला विचार, शिक्षा कुठे आहे?" हे मी जसंच्या तसं सांगितलं.

ती आत गेली आणि होड्या निघू लागल्या. कोणी बहिणीला भेटायला, कोणी दुसऱ्या बेटावरचं आपल्या वाट्याचं जुनं झाड बघायला. पकडलेल्या प्रत्येकाला साहेब विचारायचा, वाट कोणी शिकवली? आणि प्रत्येक जण भोळा चेहरा करून सांगायचा, "साहेब, तुमच्या कोर्टात." मी भाषांतर करायचो. इतकं गोड काम मला सरकारने कधी दिलं नव्हतं.

आत्या सुटायच्या दहा दिवस आधी मी पांढरा सदरा घडी करून साहेबाच्या टेबलावर ठेवला. कागद मागितला नाही.

ती बाहेर आली तेव्हा दारात मेरे उभी होती, कडेवर सहा महिन्यांची पोर. आत्याने पोर उचलली, तिच्या मानेत नाक खुपसलं.

"कोणी आणलं तुम्हाला?"

मेरेने माझ्याकडे बोट दाखवलं.

"या ढेकळाने? वाट नाही चुकला?"

"एकदा चुकलो," मी म्हणालो. "मग पानांचा पट्टा दिसला."

"ज्येष्ठा एक वासा अलीकडे धरली असशील. बापावर गेलास." पण माझा हात तिने घट्ट धरला होता, शिपाई येऊन दुसऱ्या खांद्याला धरेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी मनेआबात आमच्या घराण्याच्या जागेवर आत्या बसली होती, मांडीवर नात. साहेबाने विचारलं, होडी कोणी नेली? आणि सवयीने त्याने दुभाष्यासाठी आजूबाजूला पाहिलं. दुभाष्या नव्हता. मी त्याच्याच भाषेत, मागच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "मी."