सुपाचा वाडगा

आम्हा वाइनच्या व्यापाऱ्यांना चाखलेली वाइन गिळायची मुभा नसते. घोट तोंडात घोळवायचा, वहीत दोन शब्द लिहायचे आणि शेजारच्या भांड्यात थुंकून टाकायचा. दर वर्षी मी इटलीतल्या द्राक्षमळ्यांत हिंडतो, दिवसभरात तीस-चाळीस वाइन चाखतो आणि संध्याकाळी पूर्ण शुद्धीत, हॉटेलात एकटाच जेवतो.

यंदा एका म्हाताऱ्या मळेवाल्याने मला जेवायला ठेवून घेतलं. टेबलावर दोनच ताटं होती. सूप झाल्यावर त्याने एक जुनी बाटली उघडली. "हिच्या द्राक्षांच्या वेली केव्हाच उपटल्या. ही शेवटची बाटली," तो म्हणाला, "एकट्याने उघडवत नव्हती."

मी घोट घेतला, घोळवला आणि सवयीने भांडं शोधू लागलो. त्याच्या ते लक्षात आलं. त्याने आपला सुपाचा रिकामा वाडगा माझ्यापुढे सरकवला.

मी ओशाळून घोट गिळला. किती गावं, किती माणसं मी अशीच नुसती चाखून पुढे गेलो असेन! त्यांतलं आत काहीच उतरलेलं नाही. वह्या तेवढ्या भरल्या.

म्हाताऱ्याने वाडगा उचलून बाजूला ठेवला, माझा ग्लास पुन्हा भरला आणि म्हणाला, "चाखून झाली ना? आता प्या."