मुंगी मेली

रक्तदाब तपासायला दवाखान्यात बसले होते. समोर एक चिमुरडी धावताना आपटली. आईने तिला उचललं, गुडघा चोळला आणि फरशीकडे बोट दाखवलं, "काही नाही झालं गं, मुंगी मेली बघ!" रडं विसरून ती मुंगी शोधू लागली.

सकाळी माझ्या हातून दूध उतू गेलं, तेव्हा मी स्वतःला काय म्हणाले होते? "साठी आली तरी अक्कल नाही!" छातीत अजून धडधडत होतं. पडलेल्या पोरीला असं कुणी बोलतं का?

"काकू, जास्त आहे," पट्टा सोडत नर्स म्हणाली. "पाच मिनिटं शांत बसा, परत बघू."

मी स्वतःच्याच गुडघ्यावरून हात फिरवला. श्वास सावकाश सोडला. काही नाही झालं गं.

नर्सने पुन्हा पट्टा आवळला, तेव्हा मी फरशीवर मुंगी शोधत होते.