पोआ

इंग्लंडमधल्या आमच्या स्लाऊच्या गणपतीत, भाड्याच्या हॉलमध्ये, एक काका स्पीकरपाशी उभे राहतात आणि लोक नाचायला लागले की आवाज कमी करतात. चेहरा कायम पासपोर्टच्या फोटोतला. "हॉल जाईल हो," एवढंच म्हणतात.

यंदा ते भाचीकडे नैरोबीला गेले आणि शनिवारी बँड, रविवारी डीजे ऐकून आले.

"कसं वाटलं, काका?" गणपतीच्या हॉलमध्ये मी विचारलं.

"पोआ."

मी लगबगीने पोह्यांची बशी आणून दिली. त्यांनी ती शांतपणे संपवली. मग म्हणाले, "पोआ म्हणजे तिकडे झकास."

तेवढ्यात हॉलचा केअरटेकर आला आणि आवाज कमी करा म्हणाला. काकांनी मान डोलावली, बटणाला हात घातला आणि आवाज वाढवला.

या खेपेला मीच ओरडलो, "काका, हॉल जाईल हो!"

"पोआ," काका म्हणाले.