अकबरीआपाची निवडक मुशी

साक्रीच्या अकबरीआपानं चाळीस वर्षं सुकी मासळी विकली, पण समुद्र काही पाहिलेला नाही. गुजरातच्या किनाऱ्यावरून हसनैन व्यापाऱ्याची गाडी येते, गोण्या उतरतात, आणि आठवडे बाजाराला आपा पिंपळनेरात गोणपाट अंथरून बसते. बोंबील, सुकट, सोडे आणि मधोमध मुशीचे खारवलेले तुकडे. मुशी म्हणजेच शार्क, हे तिला मयुरीनं सांगितलं. आपाला त्याचं काही वाटलं नाही. माल तोच, नाव नवं.

मयुरी सावद्याची, केळीवाल्याची लेक. घरात मासळीचा वास चालत नाही आणि पोरगी शिकतेय शार्कवर! हे ऐकून आपा इतकी हसली की तराजू हलला, आणि त्या दिवसापासून पोरगी तिची लाडकी झाली. बंदरावर उतरणारे शार्क मोजायला माणसं असतात, पण सुकून आतल्या गावांत गेलेला माल कोणी बघत नाही; तो मयुरी बघायची. दर बाजाराला आपाकडून मुशीच्या प्रत्येक प्रकारातला एक तुकडा न्यायचा, मापायचा, पिशवीवर तारीख घालून जात ओळखायला प्रयोगशाळेत धाडायचा. आठ महिने हे बिनबोभाट चाललं.

नवव्या महिन्यात मयुरी एकदा तासभर आधीच आली. समोर डोंगरातली बेबाबाई बाळंतीण सुनेला दूध यावं म्हणून मुशी घेत होती. आपानं तिला मागची टोपली पुढं ओढून दिली. टोपलीत हातभर लांबीच्या, अख्ख्या सुकवलेल्या बारक्या मुश्या होत्या.

"आपा, ही टोपली दर बाजाराला असते?"

"ऱ्हास ना. गरिबनी मुशी शे ती, जातच बारकी. तू येस तव्हय मी झाकी ठेवस. इतली दूरनी पाहुनी तू, तुले काय भुगा देऊ?"

पाहुणे आले की आपण फाटकी गोधडी पलंगाखाली सारतो, तशी आपा दर वेळी टोपली गोणपाटाखाली सारायची आणि मयुरीला सगळ्यात जाड, पांढराशुभ्र तुकडा निवडून द्यायची. मयुरीनं वही उघडून तिच्यापुढं धरली.

"माझ्या वहीत सगळे मोठेच शार्क आहेत, आपा. तीन महिन्यांनी मी सरकारी माणसांसमोर उभी राहून हेच सांगणार होते. ते म्हणतील, मोठेच सापडतात, म्हणजे पिलं सुखरूप आहेत. मग त्यांना वाचवायला कोण कशाला हलेल?"

"म्हंजे मनी माया तुना कामले नडनी का, पोरी?"

मयुरीनं वही मिटून पिशवीत घातली, आणि तेच आपाला जास्त लागलं. चाळीस वर्षांत कोणाला कुजका माल दिला नाही म्हणून मान ताठ ठेवणारी बाई, आणि चांगला माल दिला म्हणून तिच्या हातून लेकरासारख्या पोरीचं नुकसान झालेलं! त्या दिवशी तिचं धंद्यात लक्ष लागलं नाही.

पण आपा रडत बसणाऱ्यातली नव्हे. लोक सुकी मासळी काही आजच्या आज संपवत नाहीत. ती मिठासकट मडक्यात पडून असते. आणि कोणी काय नेलं, हे आपाला तोंडपाठ. दुसऱ्या दिवशी तिनं मोठ्या मुशीची गोणी काळीपिवळी जीपच्या टपावर टाकली, मयुरीला शेजारी कोंबलं आणि वाड्यावस्त्या पालथ्या घातल्या. "बारकी मुशी उरेल शे का? ती दे, मोठी ली ले!"

"आपा, डोकं ठिकाने शे ना?" बेबाबाईनं विचारलं आणि आपाचा विचार बदलायच्या आत मडकं पुढं केलं. तारखा वहीत नव्हत्या, पण बायकांच्या डोक्यात होत्या: ही पोळ्याच्या बाजारातली, ही लेक माहेरी आली तेव्हाची. कौतिकभाऊनं तर चहा पाजल्याशिवाय मडक्याला हात लावू दिला नाही. चौदा वस्त्या झाल्या, त्रेसष्ट बारक्या मुश्या मिळाल्या आणि आपाची गोणी रिकामी झाली.

दोन महिन्यांनी मयुरी निकाल घेऊन आली. वही आता खरं बोलत होती, सभेत तिला मान खाली घालावी लागणार नव्हती. "पण आपा, बारकीची जात वेगळी नाही. निम्म्याहून जास्त त्या मोठ्या मुशीचीच पिलं आहेत. जन्मून महिना-दोन महिने झालेली. मोठी व्हायला त्यांना दहा-बारा वर्षं लागतात."

आपानं टोपलीतली एक मुशी उचलली, दोन्ही तळहातांवर आडवी धरली. ही जातच बारकी, असं चाळीस वर्षं ती गिऱ्हाइकाला छातीठोकपणे सांगत आली होती.

तिनं तिथूनच हसनैनला फोन लावला. "हसनैनभाई, अब से छोटी मुशी मत भेजो."

"आप नहीं लोगी तो दूसरा लेगा, आपा."

"लेने दो. मेरे बोरे पर नहीं."

पुढच्या बाजाराला उखर्डूनाना काठी टेकत आले. वय ऐंशीच्या घरात, दात मोजून चार. "आपा, बारकी मुशी दे."

"नही शे, नाना. ती अजून वाढी ऱ्हायनी. दहा वरीसनी ये."

"दहा वरीस? तवलोंग मी ऱ्हासू का?"

"तुनं माले माहीत नही, नाना," आपा म्हणाली. "ती ऱ्हायनी पाहिजे."

नाना खो खो हसले, आणि आपानं त्यांना पावशेर बोंबील तोलून दिले.